उतारवयात पुन्हा स्केल मॉडेलकडे वळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा-कॉलेजात असताना स्केल मॉडेल, म्हणजे विमाने, रणगाडे, जहाजे यांच्या प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती, बांधलेली आणि मग नोकरी, संसार, मुलांची शिक्षणे यांत तो छंद मागे पडलेली बरीच मंडळी सोलापुरात आहेत. निवृत्तीनंतर त्यांतल्या काहींनी माझ्याकडे येऊन, माझ्या टेबलाशेजारी बसून जे प्रश्न विचारले, ते आणि त्यांची मला अनुभवाने सापडलेली उत्तरे येथे दिली आहेत. प्रश्नांचा क्रम महत्त्वानुसार लावलेला नाही.

तीस-चाळीस वर्षांनंतर हात पुन्हा वळेल का?

वळतो, आणि अपेक्षेपेक्षा लवकर वळतो. एनसीसीच्या हवाई शाखेत बाल्साचे लाकूड कापून, टिश्यू कागद ताणून ज्यांनी विमाने केली आहेत, त्यांच्या बोटांना धारेचा कोन आणि दाबाचे मोजमाप अजून आठवत असते. ज्यांनी मुंबईहून किंवा परदेशातल्या नातेवाइकाकडून आलेले एखादेच प्लॅस्टिकचे किट जोडले होते, त्यांचीही गोष्ट तीच. हात फारसा विसरलेला नसतो, डोळे मात्र बदललेले असतात आणि एका जागी बसण्याची क्षमताही पूर्वीची राहिलेली नसते. म्हणून कौशल्याची चिंता कमी करून उजेड, अंतर, खुर्ची आणि मॉडेलचा आकार यांची व्यवस्था आधी लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. परत आलेल्यांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत छंद पुन्हा सोडला, त्यांपैकी बहुतेकांनी ही व्यवस्था न करता थेट सर्वांत अवघड किट उघडले होते.

पहिले मॉडेल कोणते घ्यावे?

ज्याचे आयुष्यभर स्वप्न पाहिले ते पहिले घेऊ नये. चाळीस वर्षे मनात असलेले तीन-चारशे भागांचे जहाज पहिल्याच महिन्यात उघडले, की प्रत्येक चूक मनाला लागते आणि खोके पुन्हा कपाटात जाते. साधारण चाळीस ते साठ भागांचे, एकाच आसनाचे, अलीकडच्या साच्यातून निघालेले विमान किंवा छोटी गाडी घ्यावी आणि ती पूर्ण करावी. सांधे थोडे उघडे राहिले, रंगात ब्रशच्या रेषा दिसल्या तरी ते मॉडेल शेवटपर्यंत न्यावे. जोडणी, घासणी, रंग, डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हे), वॉर्निश या पाचही पायऱ्या एकदा ओळीने हाताखालून गेल्या, की दुसऱ्या मॉडेलला कोठे वेळ द्यायचा ते आपोआप कळते. तामियासारख्या जपानी कंपनीच्या किटमध्ये भाग एकमेकांत अचूक बसतात, म्हणून सुरुवातीला ती किट मी सुचवतो.

भारतीय हवाई दलाचे विमान करण्याची इच्छा अनेकांना असते आणि नॅट या छोट्या लढाऊ जेट विमानाचे नाव त्यात सर्वप्रथम येते. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर नॅट उडवताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांना वीरमरण आले आणि त्यांना परमवीर चक्र मिळाले, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. मात्र खोके घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. एअरफिक्स या ब्रिटिश किट-कंपनीचे बाजारात नेहमी दिसणारे नॅट हे प्रशिक्षणासाठीचे दोन आसनांचे विमान आहे, आणि आपल्या हवाई दलाने लढाईत वापरले ते एक आसनी, लहान पंखांचे होते. चित्रावरून ही चूक सहज होते आणि ती लक्षात येईपर्यंत निम्मी जोडणी झालेली असते.

1/72, 1/48, 1/35 या आकड्यांचा अर्थ काय आणि कोणते प्रमाण निवडावे?

खालचा आकडा म्हणजे मूळ वस्तू मॉडेलच्या किती पट मोठी आहे ते. 1/72 मध्ये मॉडेलवरचा एक इंच म्हणजे मूळ विमानाचे सहा फूट होतात, आणि 1/48 मध्ये पाव इंच म्हणजे एक फूट. एक आसनी नॅटच्या पंखांचा विस्तार सुमारे 6.7 मीटर होता, म्हणजे 1/72 मध्ये ते साडेनऊ सेंटिमीटरही भरत नाही, तर 1/48 मध्ये ते 14 सेंटिमीटरचे होते. वैमानिकाच्या खुर्चीचे पट्टे, चाकांच्या झडपा, अँटेना हे सारे त्याच हिशेबाने लहान-मोठे होते.

तरुणपणी सर्वांनी 1/72 केले, कारण ते स्वस्त होते आणि खिडकीच्या फळीवर मावत होते. साठीनंतर विमानांसाठी 1/48 आणि रणगाड्यांसाठी 1/35 घ्यावे. 1/35 हे प्रमाण कोणत्याही मोजमाप-पद्धतीतून आलेले नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस तामियाने पँथर रणगाड्याचे मॉडेल केले, तेव्हा आत मोटार आणि बॅटऱ्या बसाव्यात एवढा त्याचा आकार ठेवला, आणि पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. या प्रमाणात पावणेसहा फुटी सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे त्याचा चेहरा रंगवणे साठीतल्या डोळ्यांनाही जमते. 1/700 ची जहाजे मात्र भिंग कितीही चांगले असले तरी डोळे थकवतात.

जवळचे नीट दिसत नाही. काय करावे?

चाळिशीनंतर डोळ्यांचे भिंग ताठर होत जाते आणि जवळची दृष्टी कमी होते, हे प्रत्येकाचे होते. येथे तीन गोष्टींचा खरा उपयोग होतो. पहिली गोष्ट म्हणजे मॉडेलसाठी वेगळा चष्मा. प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये जवळचे पाहण्याचा भाग अगदी खाली असतो, त्यामुळे मान मागे वाकवून काम करावे लागते आणि तासाभरात मानेला रग लागते. टेबलावर आपण मॉडेल डोळ्यांपासून किती अंतरावर धरतो ते मोजून घ्यावे, बहुधा ते 35 ते 40 सेंटिमीटर भरते, आणि नेत्रतज्ज्ञांना ते अंतर सांगून एकाच नंबरच्या काचा करून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट म्हणजे डोक्यावर बसणारे भिंग. येथे जास्त शक्तीचे घेण्याचा मोह आवरावा. पावणेदोन पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने सुमारे 35 सेंटिमीटरवरून काम करता येते, तर अडीच पटीच्या भिंगासाठी वस्तू 20 सेंटिमीटरवर आणावी लागते, म्हणजे मॉडेल नाकाशी येते आणि ब्रश फिरवायला जागा उरत नाही. रोजच्या कामाला पावणेदोन पट पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट उजेड, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. दोन बाजूंनी दोन दिवे असावेत, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. दिव्याचा प्रकाश पांढरा असावा, पिवळा नसावा.

मोतीबिंदूविषयी स्वतःचा अनुभव सांगतो. शस्त्रक्रियेच्या आधी मी एका विमानाच्या पोटासाठी फिकट निळसर राखाडी रंग स्वतः मिसळला होता आणि तो मला अगदी बरोबर वाटत होता. शस्त्रक्रियेनंतर पट्टी निघाली आणि काही दिवसांनी कपाट उघडले, तेव्हा ते पोट स्वच्छ आकाशी निळे दिसले. पिवळट झालेले नैसर्गिक भिंग निळा रंग अडवत असते, त्यामुळे तेवढी भर मी नकळत रंगात घातली होती. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे, त्यांनी तोवर रंग स्वतः मिसळू नयेत आणि तयार बाटलीतला रंग नंबर पाहून वापरावा.

हात थरथरतो, तरी हे काम जमेल का?

बहुतेकांना जमते. दोन्ही मनगटे टेबलाच्या कडेवर टेकवावीत, दोन्ही हातांच्या करंगळ्या एकमेकींना लावाव्यात आणि ब्रश न फिरवता मॉडेल फिरवावे. असे केले की दोन्ही हात एकत्र हलतात आणि ब्रशचे टोक जागेवर राहते. चहा-कॉफीनंतर लगेच बारीक काम घेऊ नये. थरथर नव्याने सुरू झाली असेल किंवा वाढत असेल, तर मात्र मॉडेलचा विचार बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

कोणती हत्यारे लागतात आणि ती सोलापुरात मिळतात का?

सुरुवातीला फार थोडी लागतात: सपाट तोंडाचा बारीक कटर, 11 नंबरच्या पात्याचा चाकू, दोन चिमटे, तीन-चार बारीक कानशी, आणि 400, 600 व 1000 नंबरचा वॉटर पेपर. वॉटर पेपर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. चिमटे आणि कानशी यांसाठी सोनारांना लागणारे साहित्य विकणाऱ्या दुकानात जावे. तेथील माल रोज वापरणाऱ्या कारागिरांसाठी असतो, त्यामुळे तो टिकतो.

भाग स्प्रूवरून, म्हणजे ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावरून, तोडून घेण्याची रीत मी प्रत्येकाला करून दाखवतो. कटर भागाला चिकटवून लावू नये. आधी दोन मिलिमीटर दूर कापावे. भाग मोकळा झाला की उरलेला कोंब दुसऱ्यांदा जवळून कापावा आणि केसाएवढा अंश शिल्लक ठेवावा. तो चाकूच्या पात्याने आडवा खरवडावा, मग 600 चा कागद पाण्यात भिजवून दोन-तीन वेळा हलका फिरवावा आणि शेवटी त्या जागेवरून अंगठ्याचे नख न्यावे. नख अडले तर काम बाकी आहे. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा नखाला कळतो, आणि या वयात नखावर अधिक विसंबावे. एकाच वेळी जवळून कापले तर प्लॅस्टिक पांढरे पडते आणि कधी भागाचाच टवका निघतो.

कोणता गोंद वापरावा?

पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे नेहमीच्या प्लॅस्टिकच्या, किटसाठी पातळ द्रव सिमेंट वापरावे. ते चिकटवत नाही, तर दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. भाग आधी जुळवून धरावेत आणि फटीला ब्रशचे टोक टेकवावे, म्हणजे द्रव आपणच आत ओढला जातो. धातूच्या किंवा रेझिनच्या (साच्यात ओतून घट्ट केलेल्या कृत्रिम राळेच्या) भागांना ते उपयोगी नाही, तेथे फेविक्विकसारखा झटपट गोंद लागतो. पारदर्शक काचांना मात्र झटपट गोंद लावू नये, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. काचांसाठी साधे फेविकॉल उत्तम. ते वाळल्यावर पारदर्शक होते आणि सांडलेले ओल्या कापडाने पुसता येते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात रंग नीट का बसत नाही?

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवा कोरडी असते. अशा हवेत पाण्यावर आधारित ॲक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळू लागतो, रंगाचा दुसरा थर पहिल्याला ओढतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. यावर उपाय आहेत. काम सकाळी नवाच्या आत उरकावे. वरचा पंखा बंद ठेवावा. रंगात वाळणे लांबवणारे रिटार्डर थेंबभर घालावे. रंग बशीत न काढता ओल्या पॅलेटवर काढावा. त्यासाठी डब्याच्या झाकणात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद अंथरला की रंग दोन-तीन तास ओला राहतो. कूलरसमोर बसून मात्र रंगवू नये, कारण त्याच्या दमट झोतात लॅकरवर, म्हणजे थिनरमधल्या झटपट वाळणाऱ्या रंगावर, पांढरट धुके येते. पावसाळ्यातील ढगाळ, दमट दिवसांतही तेच होते.

आपल्याकडे रंगकामाचा खरा हंगाम दिवाळीपासून संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत आणि तेथून पुढे महाशिवरात्रीपर्यंत असतो. मी जोडणी आणि घासणी उन्हाळ्यात करतो आणि रंग या चार महिन्यांसाठी राखून ठेवतो.

येथील आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या घराघरांत टॉवेल आणि चादरी असतात आणि टेबलावर त्याच अंथरण्याची सवय असते. टेरी टॉवेलचे तंतू ओल्या रंगावर बसले की निघत नाहीत, आणि सोलापुरी चादरीच्या नक्षीत पडलेला दोन मिलिमीटरचा भाग सापडत नाही. टेबलाखाली पांढरी, साधी, धुऊन जुनी झालेली सुती चादर अंथरावी. तिच्यावर भाग उसळत नाही आणि लगेच दिसतो.

ब्रश की एअरब्रश?

पहिल्या दोन-तीन मॉडेलना ब्रश पुरे. रंग दुधासारखा पातळ करून तीन-चार पातळ हात दिले तर ब्रशच्या रेषा दिसत नाहीत. एअरब्रश, म्हणजे दाबाच्या हवेने रंग फवारणारे पेन, घ्यायचा झाल्यास 0.3 मिलिमीटर नोझलचा घ्यावा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कॉम्प्रेसर किती आवाज करतो ते दुकानात ऐकूनच घ्यावा. एअरब्रश प्रत्येक वेळी पूर्ण उघडून धुवावा लागतो, ही तयारी असेल तरच तो घ्यावा.

माळ्यावर तरुणपणचे किट सापडले आहे. ते बांधता येईल का?

प्लॅस्टिकला बहुधा काही झालेले नसते. भाग कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धुवावेत, म्हणजे साच्यातून आलेला तेलकटपणा आणि वर्षांची धूळ निघते. ट्यूबमधला गोंद वाळलेला असणार, तो टाकून द्यावा. प्रश्न असतो तो डिकलचा. ते पिवळे पडलेले असतील तर प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून दक्षिणेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवावेत. आपल्या उन्हात आठ-दहा दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. मग नको असलेला एक तुकडा कापून पाण्यात टाकून पाहावा. तो फुटला, तर उरलेल्या संपूर्ण कागदावर डिकलसाठीचा द्रव थर किंवा चकचकीत वॉर्निश द्यावे, वाळू द्यावे आणि प्रत्येक चिन्ह कडेलगत कापून घ्यावे. लावताना खालचा रंग चकचकीत असला पाहिजे. मॅट पृष्ठभागावर हवा अडकते आणि डिकलखाली चंदेरी झाक दिसते.

मात्र असे किट परत येताच बांधू नये. त्याच्याशी आठवणी जोडलेल्या असतात, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला घ्यावे.

मधुमेह आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. काही धोका आहे का?

काळजी घेतली पाहिजे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर छोटी कापणीही बराच वेळ वाहते, आणि मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो. बोथट पाते अधिक जोर मागते आणि घसरते, म्हणून पाते वेळेवर बदलावे. कापताना दुसऱ्या हातात सोनार वापरतात तसा चामड्याचा अंगठा घालावा. ज्यांच्या पायांची संवेदना कमी आहे, त्यांनी टेबलाशी अनवाणी बसू नये, कारण खाली पडलेले पाते पायाला कळत नाही. सिमेंट, थिनर आणि लॅकर वापरताना खिडकी उघडी असावी आणि दम्याच्या रुग्णांनी लॅकर टाळावे. रेझिन कोरडे घासू नये. ते पाण्याखाली घासावे आणि मास्क लावावा.

सामान कोठून मागवावे?

भारतातील दुकाने आता घरपोच पाठवतात. परदेशातून मागवल्यास आयात शुल्क धरून हिशेब करावा. रंग आणि थिनर ज्वलनशील असल्याने ते हवाई मार्गाने सहसा येत नाहीत, म्हणून रंग देशातूनच घ्यावेत. एक किट संपल्याशिवाय तिसरे घेऊ नये, हा नियम मी स्वतःसाठी केला आहे.

घरात जागा नाही. कोठे बसावे?

जेवणाचे टेबल वापरू नये. रोज मांडणे आणि आवरणे यांतच उत्साह संपतो. दोन फूट बाय तीन फूट एवढीच, पण कोणी न हलवणारी जागा मागून घ्यावी. ती नसेल, तर कडा उंच असलेली एक मोठी फळी घ्यावी आणि काम मांडलेल्या स्थितीत ती कॉटखाली सरकवावी. पाऊण तासाने उठावे आणि घरात एक फेरी मारावी.

आपल्या जिल्ह्यातला एखादा विषय मॉडेलसाठी आहे का?

आहे, आणि माझ्या मते तो जगातील कोणत्याही विमानाइतका मोलाचा आहे. बार्शी लाइट रेल्वे ही आपली अरुंद मापाची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने ती उभारली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला आणि पुढे ती एकीकडे लातूर, दुसरीकडे पंढरपूरवरून मिरजेपर्यंत गेली. कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांहून अधिक भार येऊ द्यायचा नाही, या एका तत्त्वावर तिची इंजिने, डबे आणि रूळ आखलेले होते. आता तो मार्ग रुंद झाला आहे. वारीला त्या गाडीने गेलेली माणसे अजून आपल्यात आहेत, आणि त्यांच्याशी बोलून डब्याचा रंग, बाकांची मांडणी, स्थानकाची कौले लिहून घेण्याची वेळ हीच आहे.

मॉडेलकाराला यात एक सोय आहे. या मार्गाच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर होते. लघुरेल्वेच्या एचओ म्हणजे 1/87 प्रमाणात ते 8.76 मिलिमीटर होते, आणि बाजारात सहज मिळणारा, त्याहून लहान गाड्यांसाठीचा एन मापाचा रूळ 9 मिलिमीटरचा असतो. पाव मिलिमीटरचा फरक कोणाला दिसत नाही. म्हणून एन मापाच्या इंजिनाचा चालता सांगाडा घ्यावा आणि त्यावर 0.5 व 1 मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीनच्या पत्र्यातून आपल्या गाडीचा वरचा भाग उभा करावा. एनच्या रुळाचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मात्र या प्रमाणात फार लहान आणि दाट दिसतात. ते काढून मोठे आणि विरळ बसवावेत, तरच रूळ अरुंद मापाचा वाटतो. मूळ फोटोवरून मोजमाप काढताना दाराशी उभा असलेला माणूस फूटपट्टीचे काम करतो, कारण 1/87 मध्ये तो सुमारे दोन सेंटिमीटरचा असतो. लघुरेल्वे चालताना पाहायची असेल, तर पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे, आणि रणगाडे प्रत्यक्ष पाहून फोटो घ्यायचे असतील तर अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय आपल्याला जवळ पडते.

नातवंडांना सोबत घ्यावे का?

घ्यावे, पण त्यांचा विषय त्यांना निवडू द्यावा. बंदाई या जपानी कंपनीचे गुंडम रोबो गोंदाशिवाय दाबून जोडता येतात आणि मुलांना ते आधीच माहीत असतात. चाकू आणि सिमेंट मात्र आपल्याच हातात ठेवावे.

माझ्यानंतर या मॉडेलचे आणि न उघडलेल्या किटचे काय होईल?

हा प्रश्न संकोचाने, जाता जाता विचारला जातो, पण तो रास्त आहे. घरच्यांना खोक्याची किंमत माहीत नसते, त्यामुळे दुर्मीळ किट रद्दीत जाते. प्रत्येक न उघडलेल्या खोक्याच्या तळाशी पेन्सिलीने खरेदीची किंमत आणि ते कोणाला द्यावे त्याचे नाव लिहावे. पूर्ण झालेल्या मॉडेलच्या बैठकीखाली विषय, महिना, वर्ष आणि आपले नाव लिहावे. काचेच्या कपाटात, पश्चिमेच्या उन्हापासून दूर ठेवलेले मॉडेल अनेक वर्षे टिकते. थिनर, सिमेंट आणि लॅकरच्या बाटल्या कोठे आहेत हे घरातील एका व्यक्तीला प्रत्यक्ष दाखवून ठेवावे आणि त्या गॅसजवळ ठेवू नयेत असे स्पष्ट सांगावे.